बुचडा, अंबाडा, खोपा : सुटू नये कोणता आणि सोडावा कधी

बायांनो, संध्याकाळची कामं उरकत आली असतील. भाकरी तव्यावर असेल तर करपू देऊ नका, पण कान इकडं ठेवा. आज बोलायचं आहे ते आपल्या डोक्यामागच्या गोष्टीवर, म्हणजे अंबाड्यावर.

हसू नका. आधी गोष्ट ऐका.

मागच्या हंगामात आमच्या गावात सोयाबीनची मळणी चालू होती. मशीनवाल्यानं नेहमीसारखं सांगितलं, "केसं बांधा, पदर खोचा." आमच्या गटातली एक सून म्हणाली, "बांधलेलेच हायेत की." आणि खरंच होते. आदल्या दिवशी ती एका डोहाळजेवणाला जाऊन आली होती. स्पंजची रिंग घालून केलेला गोल गरगरीत जुडा तसाच डोक्यावर होता. दिसायला पक्का. पण काड उचलायला ती दोनदा वाकली आणि तिसऱ्यांदा वाकताना रिंग घसरली. केसांचा शेपटा खांद्यावरून पुढं आला, तो थेट पट्ट्याच्या बाजूला. मागं सासू उभी होती. तिनं सुनेच्या झिंज्या धरल्या आणि मागं खेचलं. सासूनं सुनेच्या झिंज्या धरल्या आणि सगळ्या गावानं सासूला शाबासकी दिली, असं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी सून खोटं बोलली नव्हती. केस बांधलेलेच होते. पण "बांधलेले" हा शब्द एक आणि बांधायच्या तऱ्हा दहा. त्यातली कोणती कामाला टिकते आणि कोणती फोटोपुरती असते, हे ओळखता आलं पाहिजे. नुसत्या नावावरून ते कळत नाही. एका घरात ज्याला बुचडा म्हणतात त्याला शेजारच्या घरात अंबाडा म्हणतात. आजी खोपा म्हणते, नात जुडा म्हणते, आणि पार्लरवाली बन म्हणते. म्हणून नाव बाजूला ठेवा आणि अंबाड्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : बसलाय कुठं? मानेवर, डोक्याच्या मागच्या फुगवट्यावर, की वर टाळूवर?

दुसरा प्रश्न : केसांचं केलंय काय? पीळ दिलाय, वेणी घातलीय, की नुसती घडी घालून फुगवलंय?

तिसरा प्रश्न : धरून कशानं ठेवलंय? केसांनीच केसांना, आकड्यांनी, रबरानं, की जाळीनं?

हे तीन प्रश्न विचारले की समोरचा अंबाडा कोणता, कसा सोडायचा, किती वेळ टिकेल, सगळं समजतं. आता एकेक बघू.

सगळ्यात सोपा तो हातबुचडा. अंघोळ करून आलो, केस एका मुठीत धरले, पीळ दिला, त्याच पिळाभोवती गुंडाळले आणि टोक आत खोचलं. आकडा नाही, रबर नाही. चूल पेटवायच्या आधी आपण सगळ्या हाच बांधतो. तो केसांनीच केसांना धरलेला असतो. त्यामुळं केस जरा राठ असतील तर दिवसभर राहतो, पण नुकतंच तेल लावलेलं असेल किंवा केस धुऊन मऊ झाले असतील तर दहा मिनिटांत सुटतो. हा घरातल्या कामाचा बुचडा. तो सुटला तरी बिघडत नाही अशा जागीच तो बांधावा.

दुसरा पिळाचा अंबाडा. हाही पीळ देऊनच होतो, पण आधी केस विंचरायचे, मानेजवळ रबर लावायचं, मग पीळ देऊन चकलीसारखं गोल गोल फिरवायचं आणि चारी बाजूंनी आकडे खोचायचे. हातबुचड्यात आणि यात फरक एवढाच की याला दोन राखणदार आहेत, रबर आणि आकडे. एक हरला तर दुसरा धरतो.

तिसरा वेणीचा अंबाडा. तीन पेडांची वेणी घालायची, खाली शेवटापर्यंत, आणि टोकालाही रबर लावायचं. मग ती वेणी गोल फिरवून आकड्यांनी बसवायची. ओळखायचा कसा? जवळून बघा. त्याच्या अंगावर गव्हाच्या लोंबीसारखी वीण दिसते. पिळाचा अंबाडा मात्र गुळगुळीत असतो, दोरखंडाच्या वेटोळ्यासारखा.

आता या दोघांतला मजबूत कोणता? यासाठी आपल्या अंबाडीकडं चला. अंबाडा नव्हे, अंबाडी, जिची आपण भाजी करतो. अंबाडीच्या वाखाचा दोर वळताना तुम्ही पाहिलं असेल. एकाच सुताला पीळ दिला आणि हात सोडला की ते भर्रकन उलटं फिरतं आणि मोकळं होतं. म्हणून दोर वळणारा दोन-तीन सुतं घेतो, प्रत्येकाला एका दिशेनं पीळ देतो आणि मग सगळी मिळून उलट्या दिशेनं वळतो. एकाला उलगडायचं असतं, तर दुसरं त्याला अडवतं. केसांचंही तसंच आहे. एका पिळाचा अंबाडा कायम उलगडायला बघत असतो. वेणीत मात्र तीन पेड एकमेकांखाली अडकलेले असतात. समजा आकडा पडला आणि अंबाडा उलगडला, तरी खाली येते ती बांधलेली वेणी. मोकळे केस पसरत नाहीत. हा फरक मशीनजवळ जिवाचा असतो.

पिळाचा अंबाडा घालायचाच असेल तर एक युक्ती लक्षात ठेवा. पीळ देत गेलं की एका क्षणी केस आपोआप एका बाजूला दुमडायला लागतात. ते ज्या बाजूला दुमडतात त्याच बाजूनं गुंडाळा. उलट्या बाजूनं गुंडाळलं की आपणच पीळ सोडवत जातो, आणि मग म्हणतो, माझ्या केसात अंबाडा राहतच नाही.

चौथा खोपा. खोपा म्हणजे सुगरणीचं घरटंही. नावातच आकार आहे. आज आपल्याकडं खोपा म्हटलं की लग्नाकार्यातला, नऊवारीवर घातलेला, मागं उंच आणि फुगीर बसवलेला अंबाडा डोळ्यांपुढं येतो. भोवती गजऱ्याची चंद्रकोर आणि मधे सोन्याचं फूल. पूर्वी ज्या घरी ऐपत असे तिथं मूद, राखडी, केतक असे खास केसांत घालायचे दागिने असत. केस कमी असतील तर आत गंगावन, म्हणजे वरून जोडायचे केस, घालत. आजही घालतात. इथं एक चूक नेहमी होते. गजरा, आकडा, फूल बदललं की आपल्याला वाटतं अंबाडा वेगळा झाला. तसं नाही. ते वरचं लेणं. अंबाडा तो जो लेणं काढल्यावर उरतो. गटातल्या ज्या बाया पार्लरचं शिकून नवऱ्या सजवतात, त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. नवरीची आई "खोपा घाला" म्हणाली की लगेच आकडे तोंडात धरून सुरुवात करू नका. विचारा : मानेवर हवा की उंच? वेणीचा की फुगीर? गजरा भोवती की वर? तीन प्रश्न विचारले की लग्नघटिकेला रुसवेफुगवे होत नाहीत.

पाचवा जुडा. यात केस वर ओढून शेपटी बांधतात, स्पंजची रिंग घालतात, केस तिच्यावर चहूबाजूंनी पसरवून खाली रबर लावतात. केस थोडे असले तरी भरगच्च दिसतो, कारण आत पोकळ असतो. त्या सुनेचा होता तो हाच. मुद्दाम विस्कटलेला, बटा बाहेर काढलेला मेसी बन हा त्याचाच धाकटा भाऊ. आणि रोल म्हणतात तो गोल नसतोच. केस एका बाजूला नेऊन उभी घडी घालतात आणि कडेनं आकडे लावतात. या तिन्हींत वरचे केस नुसते पसरलेले किंवा घडी घातलेले असतात. समारंभाला सुरेख दिसतात, पण वाकायच्या कामाला त्यांचा भरवसा नाही.

जागेचंही सांगते. नांदेडला गुरुद्वाऱ्यात शीख मुलांचा जुडा पाहिला असेल, अगदी टाळूवर असतो. वरून पगडी किंवा पटका बांधायचा असतो ना. आपल्या तांड्यावरच्या जुन्या बंजारा बायांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांची घुगरी-टोपली कानशिलाजवळच्या वेण्यांत लटकते, म्हणजे दागिन्याचा भार मागं नाही, दोन्ही बाजूंना. आणि शेतात राबणाऱ्या आपल्या बाईचा अंबाडा मानेवर का असतो? कारण टाळूची जागा चुंबळीची आहे. घागर, पाटी, चाऱ्याचा भारा डोक्यावर घ्यायचा तर वर अंबाडा चालत नाही, चुंबळ डगमगते. डोक्यावर पदर घ्यायचा तरी खालचा अंबाडा बरा, पदर त्याला अडकून राहतो. काम बघून अंबाड्यानं जागा धरली.

पण काम बदललं. आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीचं नाव लांबवर आहे. हळद शिजवली, वाळवली की ती पॉलिशच्या ढोलात जाते, आणि तो ढोल फिरतो मोटारीवर नाहीतर ट्रॅक्टरवर. सोयाबीन, हरभरा मळणी यंत्रात जातो. कडबा कुट्टीत जातो. कितीतरी गटांनी पिठाची गिरणी, डाळमिल घेतलीय. चुंबळीच्या काळात अंबाडा सुटला तर फार तर केसांत धूळ जायची. आता सुटला तर काय होतं, त्याचा हिशेब सांगते. ट्रॅक्टरचा जो दांडा मागच्या यंत्राला फिरवतो, तो साधारण मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदाला नऊ. "अगं बाई" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात केस नऊ वेळा गुंडाळले गेलेले असतात. ओढून सोडवायला वेळच मिळत नाही. डोक्याची कातडी केसांसकट निघते.

म्हणून यंत्रावर जायच्या दिवशी अंबाडा असा घाला. केस कोरडे असू द्या आणि त्या सकाळी तेल चोपडू नका. मानेजवळ रबर लावा. वेणी शेवटच्या टोकापर्यंत घाला आणि टोकालाही रबर लावा. वेणी मानेवरच गोल बसवा आणि टोक आत दाबून आकडे लावा. आकडा टोचताना आधी अंबाड्याचे केस घ्यायचे, मग त्याच आकड्यानं खालचे डोक्याचे केस पकडायचे, म्हणजे दोन्ही एकमेकांना शिवल्यासारखे बसतात. वरून जाळी असेल तर उत्तम. आणि सगळ्यावर रुमाल बांधा. गाठ मागं मारा आणि तिची टोकं आत खोचा, नाहीतर केस वाचवले आणि रुमाल अडकला असं व्हायचं. गंगावन त्या दिवशी नको. पदर कमरेला खोचा, ओढणी असेल तर काढून ठेवा. पदर आणि ओढणी यंत्राला केसांइतकीच आवडते.

मग परीक्षा घ्या. मान खाली घालून दहा वेळा वाका, डोकं दोन्ही बाजूंना जोरात हलवा. काही हललं तर पुन्हा बांधा. आणि अंबाडा कितीही पक्का असला तरी फिरत्या पट्ट्याखाली वाकून झाडायचं नाही. आधी यंत्र बंद, मग झाडू. पट्ट्यावर आणि दांड्यावर झाकण नसेल तर मशीनवाल्याला सांगा, झाकण बसव, मगच आम्ही येतो. एकटीनं म्हटलं तर तो दुसरी बाई बघेल. सगळ्या गटानं म्हटलं तर झाकण बघेल.

तरीही कुठं दुर्घटना झालीच तर? पहिलं यंत्र बंद करा, बाईला ओढू नका. रक्त येतंय तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. १०८ ला फोन लावा. कातडी सुटून आली असेल तर ती फेकू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या भांड्यात ठेवून सोबत दवाखान्यात न्या. कातडी थेट बर्फावर ठेवायची नाही. वेळेत पोचलं तर ती पुन्हा जोडता येण्याची आशा असते.

इथवर झालं न सुटणाऱ्या अंबाड्याचं. आता उलट बाजू. जो अंबाडा दिवसा सुटायला नको, तो रात्री सोडायलाच हवा.

आपण काय करतो? थकून येतो आणि तसंच आडवं होतो. दुसऱ्या दिवशी वरवर फणी फिरवून पुन्हा तोच अंबाडा. पण रोज माणसाचे ५० ते १०० केस गळतात आणि ते गळणारच, त्यात घाबरायचं काही नाही. मोकळे केस असले तर ते पडून जातात. अंबाड्यात मात्र ते आतच राहतात. तीन दिवसांनी अंबाडा सोडला की फणीत दोन-तीनशे केस येतात आणि बाई घाबरते, "माझं सगळं डोकं गेलं." गेलं नाही, तीन दिवसांचं साठलेलं आलं. रोज सोडून विंचरा, भीती जाईल.

ओल्या केसांचा अंबाडा तर बांधूच नका. आत हवा लागत नाही, वास येतो, खाज सुटते, कोंडा वाढतो. आणि रोज एकाच जागी ताणून बांधला की कपाळावरचे आणि कानशिलावरचे केस विरळ होत जातात. डोकं ठणकत असेल किंवा भुवया वर ओढल्यासारख्या वाटत असतील तर समजा ताण जास्त झालाय. कामाचा अंबाडा पक्का हवा, पण पक्का म्हणजे ओढलेला नव्हे. घरी आल्यावर सैल वेणी घालून झोपावं.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळख. एक गोष्ट लांबून अंबाड्यासारखी दिसते, पण अंबाडा नसते. ती म्हणजे जट. पुन्हा आपले तीन प्रश्न विचारा. पीळ आहे की वेणी? काहीच नाही. धरून कशानं ठेवलंय? कशानंच नाही, तरी सुटत नाही. अंबाडा म्हणजे जो सोडता येतो तो. जो सोडता येत नाही, ज्यात फणी शिरत नाही, ती जट.

ती येते कुठून? आत्ताच आपण हिशेब केला. बाळंतपण, मोठं आजारपण, घरातलं दुःख, अशा वेळी दोन-तीन महिने डोक्याला फणी लागत नाही. रोजचे ५० ते १०० गळलेले केस आतच राहतात. तीन महिन्यांत ते साडेचार ते नऊ हजार होतात. ते उरलेल्या केसांभोवती गुंडाळले जातात, त्यात घाम, तेल, धूळ मिसळते आणि नमद्यासारखा गठ्ठा होतो. हे एवढंच आहे. पण आपल्याकडं कुणीतरी म्हणतं, देवी आली, कापायची नाही, विंचरायची नाही. मग ती बाई वर्षानुवर्षं ते ओझं डोक्यावर वागवते. मान दुखते, आत उवा आणि खाज, झोप नाही, आणि चारचौघींत बसायची लाज.

जट काढताना दुखत नाही. केसांत जीव नसतो, रक्त येत नाही. नवी, लहान असेल तर खोबरेल तेलात भिजवून, बोटांनी, खालच्या टोकाकडून वर असं हळूहळू सोडवता येते. जुनी, घट्ट असेल तर कात्रीनं काढावी लागते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा शेकडो बायांच्या जटा काढल्या आहेत. ते आधी तिच्याशी बोलतात, घरच्यांशी बोलतात, तिची भीती जाईपर्यंत थांबतात आणि ती हो म्हणाली तरच कात्री लावतात. आपणही तसंच करावं. जबरदस्ती नाही, थट्टा तर अजिबात नाही.

आणि कुणी देवाचं नाव पुढं केलंच तर एक आठवण करून द्या. आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेव महाराजांचं गाव. त्यांच्या घरी राबणारी जनी शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल काय करतो? तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो, आणि तिची वेणीफणीही करतो. जनीची देवावर भक्ती कमी होती असं कोण म्हणेल? तिच्या देवाला तिचे केस विंचरायला हवे होते.

तर बायांनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक फणी, दोन रबरं आणि चार आकडे घेऊन या. हप्त्याचा हिशेब झाला की एकमेकींचे केस सोडा, विंचरा आणि यंत्रावर चालेल असा वेणीचा अंबाडा बांधून बघा. दहा वेळा वाकून परीक्षा घ्या. आणि गटातली एखादी बाई बरेच दिवस डोक्यावरचा पदर काढत नसेल, केसांना हात लावू देत नसेल, तर तिला सगळ्यांसमोर काही विचारू नका. बैठक संपल्यावर तिच्याबरोबर चार पावलं चालत जा आणि म्हणा, "ये गं एकदा घरी दुपारची. तेल लावून देते."